केटी केसीचा शनिवार

अमेरिकेतल्या कुठल्याही बेसबॉलच्या मैदानावर सातवा डाव निम्मा झाला की सगळे प्रेक्षक उठून उभे राहतात, आळोखेपिळोखे देतात आणि एक गाणं म्हणतात. ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ हे गाणं 1908 सालचं. शब्द जॅक नॉरवर्थचे, चाल आल्बर्ट फॉन टिल्झरची. हा नॉरवर्थ रंगमंचावर गाणारा माणूस, बेसबॉलशी त्याचा संबंध नव्हता. न्यूयॉर्कच्या गाडीतून जाताना सामन्याची पाटी दिसली आणि गाणं सुचलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. आज मैदानावर फक्त ध्रुवपद म्हटलं जातं. कडवी लोक विसरले आणि कडव्यांबरोबर केटी केसीही विसरली गेली.

केटी ही त्या गाण्यातली बेसबॉलवेडी मुलगी. शनिवारी तिचा मित्र येतो आणि शो बघायला येतेस का म्हणून विचारतो. ती साफ नाही म्हणते आणि आपल्याला कुठे न्यायचं ते त्यालाच सांगते. ते सांगणं म्हणजेच ध्रुवपद. म्हणजे चाळीस हजार लोक, त्यांत आजोबा, पोरंटोरं, बिअर पिऊन लाल झालेले काका, सगळे मिळून एका मुलीनं आपल्या मित्राला दिलेलं उत्तर गात असतात. बहुतेकांच्या ते गावीही नसतं.

शनिवारी कुठे जायचं हा दोघांनी मिळून सोडवायचा प्रश्न आहे, ही कल्पनाच तेव्हा ताजी होती. अमेरिकेतल्या प्रेमाराधनाचा इतिहास बेथ बेली या इतिहासकार बाईंनी 1988 साली एका पुस्तकात मांडला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मध्यमवर्गीय घरांत मुलगा मुलीकडे ‘भेटायला’ जायचा. आमंत्रण मुलीकडून किंवा तिच्या आईकडून यायचं. दिवाणखान्यात बसायचं, काहीतरी खायला मिळायचं, मुलगी पियानो वाजवायची आणि आईचे कान पलीकडच्या खोलीत टवकारलेले असायचे. शहरातल्या कामकरी मुलींकडे दिवाणखानाच नव्हता, त्यामुळे त्या बाहेर पडल्या. मग त्यांचं बघून वरच्या वर्गातली मुलंमुलीही बाहेर पडली. बाहेर जायचं तर पैसे लागतात आणि ते त्या काळी मुलाच्या खिशात असायचे. म्हणून आमंत्रणाचा हक्क बायकांकडून पुरुषांकडे गेला, असं बेली म्हणतात. केटीचं उत्तर या पार्श्वभूमीवर ऐकलं तर जास्तच आवडतं. पैसे तो देईल, पण जायचं कुठे ते ती ठरवणार.

घर सोडून मिळालं काय, तर गर्दीतला एकांत. पुण्यात किंवा सांगलीत तरुणपण काढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. दिवाणखान्यात दोघंच असली तरी सगळं घर सोबत असतं. हजारो अनोळखी माणसांत मात्र आपल्याकडे कोण बघतंय? सगळ्यांची तोंडं समोर वळलेली असतात.

पुढच्या शंभर वर्षांत जोडपी हळूहळू घरात परतली. या वेळी दिवाणखान्यात आईऐवजी यंत्र होतं. 1921 मध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं पहिल्यांदा रेडिओवरून बेसबॉलचा व्यावसायिक सामना ऐकवला. लवकरच संघमालकांच्या पोटात गोळा उठला: घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार? न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी आपसांत करार करून 1934 ते 1938 अशी पाच वर्षं आपल्या मैदानांवरून प्रसारण होऊ दिलं नाही. 1939 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या लॅरी मॅकफेलनं हा करार मोडीत काढला आणि रेड बार्बर या निवेदकाला आणलं. त्या वर्षी ब्रुकलिनचे प्रेक्षक घटले नाहीत, साडेसहा लाखांच्या आसपासचे साडेनऊ लाखांच्या घरात गेले. सगळं श्रेय रेडिओला देता येणार नाही, कारण संघही सातव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आला होता. पण मालकांची भीती फोल ठरली, एवढं नक्की. शिकागोत तर हे आधीच दिसलं होतं. तिथल्या कब्ज संघाचे मालक विल्यम रिग्ली यांनी विसाच्या दशकात ज्याला हवं त्या केंद्राला सामना ऐकवू दिला. दुपारी घरकाम करता करता ऐकणाऱ्या बायका पुढे ‘लेडीज डे’ला रांगा लावून मैदानात आल्या. 1927 मध्ये कब्ज दहा लाखांवर प्रेक्षक खेचणारा नॅशनल लीगमधला पहिला संघ झाला.

टेलिव्हिजननं मात्र नुकसान केलं, ते लहान गावांतल्या संघांचं. 1949 साली छोट्या लीगच्या सामन्यांना जवळजवळ चार कोटी प्रेक्षक होते. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत त्यातले बहुतेक घरी बसले. त्यानंतर व्हीसीआर आला, मग डीव्हीडी. नेटफ्लिक्सनं आधी टपालानं तबकड्या पाठवल्या आणि 2007 पासून तारेतून थेट चित्रपट द्यायला सुरुवात केली. आज अमेरिकी सरकारच्या वेळ-वापराच्या पाहणीत माणसाच्या मोकळ्या वेळातला सुमारे निम्मा भाग पडद्यासमोर जाताना दिसतो. रोज अडीच तासांहून जास्त. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी 2000 साली लिहिलेल्या पुस्तकात क्लब, संघटना, बोलिंगच्या लीग ओस पडल्याचा बराचसा दोष टीव्हीवर ठेवला. ते खरं असेल. पण पुटनम यांनी मोजली ती एकमेकांकडे जायची थांबलेली माणसं. एकाच सोफ्यावर बसून एकमेकांकडे जायचं थांबलेल्या माणसांची कुठल्याच संघटनेच्या वहीत नोंद नसते.

माझी भाची आणि तिचा नवरा शिकागोत राहतात. ती पुण्याची, तो सांगलीचा. दोघंही दिवसभर पडद्यावर काम करतात आणि रात्री करमणुकीसाठी त्याहून मोठा पडदा लावतात. त्यांच्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा रात्रीची जेवणं आटोपली की पुढचा संवाद मला पाठ झाला होता.

“काय बघायचं?”

“तू सांग.”

“काल मीच सांगितलं होतं.”

“मग काल तू झोपलीस का?”

यानंतर झलका सुरू व्हायच्या. त्याला खुनाचा तपास हवा, तिला स्वयंपाकाची स्पर्धा. शेवटी दोघांनाही नको असलेली तिसरीच मालिका लागायची आणि अर्ध्या तासात तो फोनमध्ये आणि ती उशीवर. यात भांडण कुठेच नव्हतं. दोघं एकमेकांशी इतक्या समजुतीनं वागत होती की मलाच संकोच वाटायचा. पण एक गोष्ट मी टिपून ठेवली. मालिका चालू असताना तिला काही सांगायचं झालं की ती म्हणायची, “थांबव जरा.” तो थांबवायचा. पडद्यावरचा पोलीस तोंड उघडं ठेवून गोठायचा. ती सांगायची, तो हं म्हणायचा आणि बोट पुन्हा बटणावर. मालिका कानामात्रेचीही जागा न सोडता लिहिलेली असते. एक वाक्य चुकलं तर खुनी कळत नाही. म्हणून तिथे बोलणं हा व्यत्यय ठरतो आणि व्यत्यय आणणारा माणूस आपलं बोलणं आपोआप आखूड करतो. थांबवायची सोय नसती तर कदाचित ती दोघं मालिकेवरूनच बोलली असती, “हा कोण रे?” म्हणून. सोय झाल्यानं तेही गेलं.

अशा दोघांबरोबर मी एका शुक्रवारी दुपारी रिग्ली फील्डवर गेलो. दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कब्जचे शुक्रवारचे घरचे सामने बऱ्याचदा दुपारी एक वीसला सुरू होतात, ही त्या मैदानाची जुनी खोड. 1914 साली बांधलेल्या या मैदानावर 1988 पर्यंत रात्रीचे दिवेच नव्हते. मोठ्या लीगमधला पहिला रात्रीचा सामना सिनसिनाटीत झाला तो 1935 मध्ये. म्हणजे या मैदानानं त्यानंतरही अर्धशतकाहून जास्त काळ दुपारच जपली. रेड लाइनच्या गाडीनं ॲडिसनला उतरलं की मैदान समोर येतं, मधे वाहनतळाचं वाळवंट नाही. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, त्यामुळे भाचीनं तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. दारातल्या विक्रेत्याकडून शेंगांचं पाकीट घेतलं. समोर वेलींनी झाकलेली विटांची भिंत आणि वर 1937 सालचा हिरवा धावफलक. त्याच्या पोटात माणसं बसतात आणि आकड्यांच्या पाट्या हातानं बदलतात.

सांगलीच्या जावयाला हा खेळ मान्य नव्हता. क्रिकेटच्या पोटातून पळून गेलेलं पोर, असं त्याचं मत. गोलंदाज दर चेंडूआधी विचार करत उभा राहतो, टोपी नीट करतो, झेलणाऱ्याच्या बोटांकडे बघतो, मान हलवून नाही म्हणतो. “टाक की बाबा,” असं तो मराठीत ओरडला आणि पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी वळून, शब्द न कळताही, मान डोलावून दुजोरा दिला.

भाचीच्या मांडीवर मात्र धावपत्रक होतं आणि हातात पेन्सिल. कचेरीतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी तिला ते भरायला शिकवलं होतं. दर फलंदाजाला एक ओळ, दर डावाला एक रकाना, रकान्यात चौकट. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे दिलेले असतात: गोलंदाज 1, झेलणारा 2, पहिला तळ 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप 6 आणि मग बाहेरचे तिघं डावीकडून 7, 8, 9. जमिनीलगत मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपनं उचलून दुसऱ्या तळावर दिला आणि तिथून तो पहिल्या तळावर गेला, दोन गडी बाद, की चौकटीत लिहायचं 6-4-3. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर के. आणि तिसरा चेंडू बॅट न हलवता नुसताच बघत राहून बाद झाला तर उलटा के. यावर जावयाचं तोंड पहिल्यांदा उजळलं. “न खेळलेल्या चेंडूलाही वेगळी खूण?” म्हणाला. पुढचे दोन डाव पेन्सिल त्याच्याकडे होती.

चौथ्या डावात कधीतरी, समोर दोन्ही संघ जागा बदलत असताना, तो मैदानाकडेच बघत म्हणाला, “आईला मे महिन्यात बोलावू या का?” हा विषय त्यांच्याकडे अवघड होता. गेल्या खेपेला सासूबाई चार महिने राहिल्या होत्या, ते सोपं गेलं नव्हतं, आणि घरात तो विषय निघाला की दोघं समोरासमोर येत. भाची म्हणाली, “किती दिवस?” तो म्हणाला, “बघू ना.” तिनं तोंड उघडलं तेवढ्यात एक चेंडू उंच उडाला, उजवीकडचा खेळाडू मागे मागे भिंतीपर्यंत धावला, आम्ही तिघं आणि बाकीचे हजारो लोक उभे राहिलो. झेल. बसलो. शेंगा सोलल्या. मग ती म्हणाली, “दोन महिने चालेल. पण स्वयंपाकघर माझं.” तो म्हणाला, “ते आईलाच सांगू नकोस फक्त.” आणि दोघं हसली. मी आपला धावफलकाकडे बघत होतो. मामानं तरी काय करायचं?

घरी जी मालिका बोलण्यानं खंडित होते, तिच्या बरोबर उलटं इथे होतं. इथे बोलणं चालू असतं आणि खेळ त्यात व्यत्यय आणतो. तोही नेमका हवा तेव्हा. मनात आलेलं तिखट वाक्य झेल घेऊन गेला आणि दोन मिनिटांनी दुसरं, बरं वाक्य आलं. शेजारी शेजारी बसून, समोर काहीतरी चाललेलं असताना माणूस जे बोलू शकतो ते टेबलापलीकडून बोलणं अवघड असतं. दोघांना दोघंच पुरतात हे लग्नाच्या पत्रिकेत शोभतं. नांदायला समोर एखादी तिसरी गोष्ट लागते आणि ती फार हुशार असून चालत नाही. वॉल स्ट्रीट जर्नलनं 2013 साली घड्याळ लावून मोजलं, तर तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष हालचाल भरली सुमारे 18 मिनिटं. बेसबॉलला नावं ठेवणारे हा आकडा सांगतात. मी तो जाहिरातीत छापला असता.

आणि लक्ष नसलं तर? यँकीज संघाचा जुना शॉर्टस्टॉप फिल रिझुटो पुढे कित्येक वर्षं त्यांचा निवेदक होता. गप्पांच्या नादात एखादा चेंडू निसटला की तो आपल्या धावपत्रकात ‘डब्ल्यूडब्ल्यू’ लिहायचा, म्हणजे ‘बघत नव्हतो’. निवेदकाला ही मुभा आहे असा खेळ मला दुसरा माहीत नाही. भाचीच्या पत्रकातही चौथ्या डावाच्या दोन चौकटी रिकाम्या राहिल्या. त्या तिनं तशाच ठेवल्या.

बाहेर पडावं आणि घरात बसू नये, असा याचा सरळ अर्थ काढायला मी तयार नाही. मैदानांनीही आता घरच्या पडद्याचा धडा गिरवला आहे. 1980 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर रंगीत चित्रांचा महाकाय फलक लागला आणि रिकामी मिनिटं भरून काढायचं वेड सगळीकडे पसरलं. मिलवॉकीत सॉसेजचे पोशाख घातलेली माणसं शर्यत लावतात, वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांची मोठाली डोकी घातलेली. तोफेतून टी-शर्ट उडतात. दोन चेंडूंच्या मधे इतकं मोठं संगीत वाजतं की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. सगळ्यात आगाऊ म्हणजे तो चुंबन-कॅमेरा. गर्दीतलं एखादं जोडपं हेरायचं, बदामाच्या चौकटीत फलकावर झळकवायचं आणि मुका घेईपर्यंत हजारोंनी आरडाओरडा करायचा. केटीच्या पिढीनं दिवाणखान्यातून पळून गर्दीत जो आडोसा मिळवला, तोच कॅमेऱ्यानं काढून घेतला. निदान पलीकडच्या खोलीतली आई मोठ्यानं ओरडत तरी नव्हती. रिग्ली फील्डनं असले चित्रफलक 2015 पर्यंत बाहेर ठेवले होते. आता तिथेही आहेत, पण जुना हाताचा फलक अजून शाबूत आहे.

मग 2023 साली गोलंदाजाला घड्याळ लावलं. तळ रिकामे असतील तर 15 सेकंदांत चेंडू टाकायचा, कुणी तळावर असेल तर 20. पुढच्या वर्षी ते 20 चे 18 झाले. नऊ डावांचा सामना सरासरी तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. माझ्या सगळ्या म्हणण्याविरुद्ध जाणारी गोष्ट अशी की लोकांना ते आवडलं. त्या वर्षी एकूण प्रेक्षकसंख्या सात कोटींच्या वर गेली, आदल्या वर्षापेक्षा बरीच जास्त. मलाही त्या दुपारी घड्याळ खटकलं नाही. कापली गेली ती गोलंदाजाची टोपी-चाळा करायची वेळ. डावांमधली विश्रांती तशीच राहिली, कारण ती टीव्हीवरच्या जाहिरातींची असते आणि तिला हात लावायची कुणाची प्राज्ञा नाही. ज्या घरच्या करमणुकीला मालक घाबरत होते, तिच्याच जाहिरातींमुळे मैदानावरच्या दोघांना दर अर्ध्या डावाला दोन मिनिटं बोलायला मिळतात. याची कुणी आखणी केली असती तर जमली नसती.

शिवाय रोज मैदान परवडतं कुणाला? संघ वर्षाला 162 सामने खेळतो, त्यातले 81 घरच्या मैदानावर. दोघांची तिकिटं, दोन बिअर, एखादा हॉट डॉग, की डॉलरांचं शतक सहज गाठलं जातं. तान्हं मूल असलं तर दुपारच्या उन्हात तीन तास बसायचा विचारही करवत नाही. केटीच्या गाण्यातला शनिवार एक होता. उरलेल्या संध्याकाळी घरातच काढायच्या असतात, आणि त्या चांगल्या जाण्यासाठी घरात काय लावलं आहे याला महत्त्व आहे. घर की बाहेर, हा वाद मला आता दुय्यम वाटतो. दोघांना बोलायला जागा सोडणारी करमणूक आणि जागा न सोडणारी करमणूक असे दोन वर्ग पाडावेत, आणि मग मैदान नि सोफा यांची दोन्हींत सरमिसळ दिसते.

लॉस एंजेलिसच्या लोकांनी हे 1958 मध्येच करून दाखवलं होतं. डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून तिकडे गेला आणि पहिली चार वर्षं कोलिझियम नावाच्या अवाढव्य मैदानावर खेळला. वरच्या रांगांतून खेळाडू मुंगीएवढे दिसायचे. लोकांनी काय करावं, तर हातातले ट्रान्झिस्टर मैदानात आणावेत आणि डोळ्यांदेखत चाललेला सामना व्हिन स्कलीच्या तोंडून ऐकावा. स्कलीचा आवाज सगळ्या मैदानभर घुमायचा म्हणतात. 1950 पासून 2016 पर्यंत, 67 मोसम, हा माणूस डॉजर्सचं निवेदन करत होता. शेवटी शेवटी बहुधा एकटाच बसून, सावकाश, शेजारच्याशी बोलावं तसं. घरचं यंत्र मैदानात आलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ते यंत्र डोळे मागत नव्हतं.

भाचीच्या घरी हल्ली बाहेरगावच्या सामन्यांना रेडिओ लागतो. कब्जचे रेडिओ-निवेदक पॅट ह्यूज 1996 पासून ते काम करताहेत. बिनघाईचा आवाज, मधेच खेळाडूच्या पँटचा रंगसुद्धा सांगतील. स्वयंपाकघराच्या खिडकीत तो रेडिओ असतो. जावई कांदा चिरतो, ती कणीक मळते. सासूबाई मे महिन्यात येऊन गेल्या, दोन महिन्यांऐवजी अडीच. त्यांना रेडिओवरचं इंग्रजी कळत नव्हतं, पण गर्दीचा आवाज चढला की त्या भांडी घासता घासता विचारायच्या, “आपले का त्यांचे?” काय बघायचं हा प्रश्न आठवड्यातून तीन-चार रात्री तरी पडत नाही. आता भांडण होतं ते वेगळंच. कब्ज सात धावांनी मागे पडले की जावई रेडिओ बंद करायला उठतो, आणि भाचीचं म्हणणं असतं की अजून दोन डाव बाकी आहेत, कुकरच्या शिट्ट्याही व्हायच्या आहेत.